चकलीच्या पाकिटावरचं नाव

माझी चकली कधी बिघडली नाही. ही बढाई आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. या देशात बढाई मारण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं. नवऱ्याकडे चिप बनवणाऱ्या कंपनीतली नोकरी होती, मुलीकडे तिचं इंग्रजी होतं, माझ्याकडे भाजणी होती. तांदूळ वेगळे भाजायचे, डाळी वेगळ्या, धणे-जिरे शेवटी, आणि घाई अजिबात करायची नाही. नागपूरला माझी आई शाळेतली नोकरी सांभाळून हे सगळं करायची आणि वर म्हणायची, हात भाजला तरी चालेल, डाळ करपता कामा नये.

अमेरिकेत आल्यावर आधी अ‍ॅरिझोनात चँडलरला होतो, तोवर मी नुसती घरात बसून होते. व्हिसावर काम करता येत नव्हतं. मग नवऱ्याची बदली झाली, या शहराच्या उत्तर टोकाला आम्ही घर घेतलं, ग्रीन कार्ड आलं आणि मी ठरवलं, आता विकायचं. तळलेलं-शिजवलेलं घरी करून विकायला इथे परवानगी नव्हती. पण आमच्या भागात भारतीय किराणा दुकानाच्या मागे एक सामायिक स्वयंपाकघर होतं. दुकानदारांनीच मिळून काढलेलं. मोठ्या शेगड्या, स्टीलचे ओटे, छताला घरघरणारा पंखा. बायका तिथले तास भाड्याने घ्यायच्या. कुणी पोळ्या, कुणी ढोकळा, कुणी इडलीचं पीठ. प्रत्येक पाकिटावर करणारीचं पूर्ण नाव छापलंच पाहिजे, असा नियम होता. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी त्या लेबलचा फोटो काढून आईला पाठवला. ती म्हणाली, "आडनाव जरा मोठं छापायचं होतं की बापा."

तिथेच मला माझी मैत्रीण भेटली. पुण्याची, माझ्याच वयाची, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. शेजारच्या शेगडीवर ती साटोऱ्या करायची, आणि काय सुरेख करायची. चकली मात्र तिला जमत नसे. कडबोळ्यासारखी मऊ पडायची आणि ती स्वतःवरच चिडायची. आमचा एक रिवाज होता. माझ्या कढईतली पहिली चकली मी झाऱ्यावरून तिच्या ताटलीत टाकायची, ती फुंकर मारून दोन तुकडे करायची, एक तिच्या तोंडात, एक माझ्या. "मीठ?" मी विचारायची. ती डोळे मिटून मान हलवायची. मग मी पुढचा घाणा सोडायची. तिच्याशिवाय मी कधी मीठ ठरवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिच्या मताची गरजही नव्हती. मला ते आवडायचं, एवढंच.

माझं आडनाव असं आहे की ते पुण्यातही खपतं आणि नागपुरातही. त्यामुळे बरेच दिवस कुणाला प्रश्न पडला नाही. एकदा एक गिऱ्हाईक काकू पाकिटं न्यायला दुकानाऐवजी माझ्या घरी आल्या. मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, तो आमच्या प्रत्येक घरात असतो. त्या फोटोकडे बघत राहिल्या. "अच्छा," म्हणाल्या. पाण्याचा ग्लास तसाच टीपॉयवर राहिला. त्या दिवसापासून माझं तेच आडनाव सगळ्यांना वेगळं वाचता यायला लागलं.

स्वयंपाकघराचं वेळापत्रक एक निवृत्त काका बघत. अत्यंत सभ्य माणूस. मला "तुम्ही" म्हणायचे, दार उघडून धरायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघा, मी स्वतः असलं काही मानत नाही. पण इथे सत्यनारायणाचा प्रसाद होतो, नैवेद्याचं होतं. काही लोकांच्या भावना आहेत. तुम्ही नॉनव्हेजवाल्यांच्या दिवशी या ना, शेगड्या त्याच आहेत." मी म्हटलं, काका, मी तिथे अंडंसुद्धा फोडलेलं नाही. ते म्हणाले, "प्रश्न अंड्याचा नाहीये हो." तेवढं मात्र खरं बोलले.

मी घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, सोडून दे, आपण इथे भांडायला आलो नाही. माझा स्वभाव सोडून देण्याचा नाही. शहराचं मानवी हक्कांचं एक ऑफिस होतं, लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर. तिथे एक वयस्क काळी बाई बसायची, खांद्यावर लोकरी शाल, टेबलावर आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, जात म्हणजे काय हे समजावण्यात दिवस जाईल. मी ग्लासाचं सांगितलं. तो पाण्याचा ग्लास तसाच राहिला, एवढंच. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "ग्लासाचं मला माहीत आहे."

तिनेच सांगितलं की शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घालावा म्हणून युनिव्हर्सिटीतली काही मुलं मागे लागली आहेत, सुनावणी आहे, तुम्हीही बोला. मी मैत्रिणीला सांगितलं. नुसतं सांगितलं, ये म्हणाले नव्हते. ती आली. चंदेरी नेसून, केसांत अबोली रंगाची क्लिप लावून, लग्नाला निघाल्यासारखी. माझं बोलून झालं, आणि मागून ती माइकसमोर येऊन उभी राहिली. तिने आपली जात सांगितली. मग म्हणाली, मी या बाईच्या शेजारच्या शेगडीवर उभी असते, हिच्या हातचा पहिला घास मी खाते, आणि हिला त्या ओट्यापासून दूर करणारे माझे लोक आहेत, म्हणून हे सांगायचं काम माझं आहे. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने कुणाला विचारलं नव्हतं. परतताना गाडीत मी एवढी रडले की तिला रस्त्याकडेला थांबावं लागलं. "अगं, साडीला नाक पुसू नकोस फक्त," म्हणाली.

शब्द कायद्यात आला. त्या व्हायोलेटवाल्या बाईने काकांना एक फोन केला, एकच, आणि माझे तास परत मिळाले. काका पूर्वीसारखेच सभ्य. दार उघडून धरायचे. काही बायका माझ्या बाजूचा ओटा सोडून उभ्या राहायच्या, राहू देत. मला प्रेम नको होतं, शेगडी हवी होती. ती होती.

मग आमच्या भागाला शहरातून फुटून निघायचं वेड लागलं.

हे कसं सुरू झालं ते मला नीट कळलंच नाही. आधी शाळांवरून कुरकुर झाली, मग रस्त्यांवरून, मग आपण भरतो तो कर दक्षिणेकडच्यांवर उधळला जातो यावरून. बघता बघता हिरवळींवर पाट्या लागल्या. आपलं गाव, आपले निर्णय. शहराबरोबरचा जुना संबंध तोडायचा आणि स्वतःचं वेगळं गाव करायचं, त्यावर मतदान होणार. आमच्या आळीत आपली माणसं पुष्कळ. पुण्याची, हैदराबादची, सुरतेची. सगळ्यांना एकदम सार्वजनिक काम आठवलं. माझी मैत्रीण त्यात पुढे होती. ती सिटिझन झालेली, मुलगा हायस्कूलला, शाळेच्या वर्गात गर्दी. तिचं म्हणणं मला पटतही होतं. मी ग्रीन कार्डवाली. मला मत नव्हतं, मतं होती फक्त.

"आपल्या त्या कायद्याचं काय होईल गं?" मी एकदा विचारलं. ती साटोरी उलटत होती.

"काय होणार? तुझं काय बदलणारे? किचन तेच, आपण त्याच. उलट आता सगळी आपलीच माणसं असतील कौन्सिलवर."

त्याचीच मला भीती होती, पण ती मी बोलले नाही. तिच्या चेहऱ्यावर एवढा उत्साह होता की मला माझीच शंका कोती वाटली.

बाहेर पडण्याच्या बाजूने निकाल लागला. स्वयंपाकघरात पेढे वाटले. मलाही दिला, मीही खाल्ला.

शहर सोडलं की शहराचे कायदेही सुटतात, ही साधी गोष्ट आनंदाच्या भरात कुणी धरली नव्हती. काही महिने जुनेच नियम चालतील, तेवढ्यात नव्या कौन्सिलने हवे ते आपले म्हणून उचलायचे, बाकीचे आपोआप संपतील, असं ठरलं. कोणते उचलायचे ते सुचवायला नागरिकांची एक समिती नेमली. मैत्रीण त्या समितीवर. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. त्या दिवशी मी घरी जाऊन पाटवडी रस्सा केला.

कुत्र्याला दोरी बांधण्याचा नियम आला. फुटपाथवरचा बर्फ काढण्याचा आला. गवत किती वाढू द्यायचं, कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर काढायचे, फटाके कधी उडवायचे, सगळे नियम एकेक करून नव्या गावात राहायला आले. हक्कांचं प्रकरण काही येईना. ते म्हणे अभ्यासासाठी बाजूला ठेवलंय. मी मैत्रिणीला गाठलं. ती कढईकडे बघत बोलली.

"अगं, मोठे कायदे आहेतच की देशाचे. आणि एक सांगू? रागावू नकोस. आपण 'जात' असं लिहिलं, की लोकांना जात आठवते. नवीन गाव आहे, नवीन सुरुवात आहे. नको ना लिहायला. आपण फॅमिलीसारखे राहतो इथे. घरात कुणी असं लिहून ठेवतं का?"

मी म्हटलं, "फॅमिलीतल्याच काकूंनी माझा पाण्याचा ग्लास तसाच ठेवला होता गं."

"ते एका बाईने केलं. सगळे तसे नाहीत."

"सगळे तसे नसतात तेव्हाच तर लिहून ठेवता येतं. सगळे तसे झाले की कोण लिहू देणार?"

तिची साटोरी करपली. मी पहिल्यांदाच बघितली तिच्या हातची करपलेली.

कौन्सिलच्या बैठकीला मी गेले. या वेळी एकटीच. बैठक शाळेच्या जिममध्ये, डोक्यावर बास्केटबॉलची जाळी. मी तेच बोलले जे शहरात बोलले होते, पण या वेळी समोर बसलेल्या लोकांना मी ओळखत होते. अर्ध्यांनी माझी चकली खाल्ली होती. मागून एक गृहस्थ उठले, आमच्याच आळीतले. "हे आपल्या कम्युनिटीची बदनामी करण्यासारखं आहे. इथे असला प्रॉब्लेम नाही. आमच्या मुलांना तर ही गोष्ट माहीतच नाही. कशाला त्यांच्या डोक्यात घालायची?" टाळ्या पडल्या. फार नाही, पण पडल्या. समितीच्या टेबलाशी मैत्रीण बसली होती. अंगावर तेच चंदेरी. मी तिच्याकडे बघत राहिले, ती तिच्या कागदांकडे.

शेवटी त्यांनी एक वाक्य घातलं. या गावात सर्वांना समान वागणूक मिळेल. छान वाक्य आहे, मला त्यावर काही आक्षेप नाही. नाही मिळाली तर कुठे जायचं, कुणाला सांगायचं, तो माणूस कुठे बसतो, यातलं त्यात काही नव्हतं.

जुन्या नियमांची मुदत संपली आणि काकांनी नवीन वेळापत्रक लावलं. त्यात माझं नाव नव्हतं. दिवाळी तोंडावर होती. "यंदा मागणी फार आहे हो," काका म्हणाले, "जुन्या लोकांना आधी द्यावं लागलं." मी म्हटलं, मी काय कालची आहे का. ते म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात." आणि दार उघडून धरलं.

मी लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर फोन लावला. ती बाई तिथेच होती. माझा आवाज ओळखला तिने. पत्ता विचारला, मी सांगितला. मग म्हणाली, तुमचा रस्ता आता आमच्या हद्दीत नाही. स्वयंपाकघरही नाही. मला फार वाईट वाटतंय. तिला वाटतच होतं, आवाजात ऐकू येत होतं. पण मी काय करू त्याचं? आम्ही घर बदललं नव्हतं. भिंतीवरचा फोटोही त्याच खिळ्याला होता. मी कुठेही न जाता मला बाहेर काढलं होतं.

संध्याकाळी मैत्रीण घरी आली. डोळे सुजलेले. तिने रडून घेतलं होतं, हे मी कबूल करते. ती काकांशी भांडूनही आली होती.

"ऐक," ती म्हणाली, "माझे तास आहेत ना. तू माझ्या तासांत ये. माझी मदतनीस म्हणून. चकली तू कर. माझ्या लेबलखाली जाईल, बस. जे मिळेल ते सगळं तुझं. कुणाला कळणार पण नाही."

नवरा आतून म्हणाला, "नको." मुलगी म्हणाली, "That's so messed up, Aai." मी हो म्हणाले. भाजणी दळून ठेवली होती, हात शिवशिवत होते, आणि ही बाई माझ्या सोफ्यावर बसून रडत होती. तिला नाही म्हणणं मला जमलं नाही.

त्या दिवाळीला मी तिच्या शेगडीवर चकल्या तळल्या. पहिली चकली झाऱ्यावर घेतली तेव्हा तिने सवयीने ताटली पुढे केली. दोन तुकडे केले, एक तिच्या तोंडात, एक माझ्या. "मीठ?" मी विचारलं. तिने डोळे मिटून मान हलवली. सगळं अगदी तसंच होतं, आणि त्यामुळेच मला तो घास गिळता येईना.

दुकानात पाकिटं मांडायलाही मी गेले. हातमोजे घालून मागे खोकी फोडत होते. तेव्हा त्याच काकू आल्या, पाण्याचा ग्लास सोडून गेलेल्या. नमुन्याच्या वाडग्यातली चकली उचलली, खाल्ली, आणखी एक उचलली. मैत्रिणीचा हात धरून म्हणाल्या, "काय खुसखुशीत झाल्यात गं! गेल्या वर्षीपर्यंत तुला जमत नव्हतं. हाताला चव आहे तुझ्या. शेवटी आपल्या घरातलं ते आपल्या घरातलं."

मला वाटलं, आता ती सांगेल. ती तशीच बाई आहे, बोलल्याशिवाय राहवत नाही तिला. ज्या तोंडाने तिने भरल्या सभेत आपली जात सांगितली होती, त्याच तोंडाने ती आता माझं नाव सांगेल. मी खोकं हातात धरून उभी राहिले.

"थँक यू, काकू," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी खाली वाकले होते. पाकिटं रचत होते. सगळी पाकिटं रचून संपवली. मग पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले, काचा लावून घेतल्या आणि मोठ्याने रडले. मला काकूंचा राग नव्हता आला. त्या काय, मुद्दाम केलं असतं तरी एवढं साधलं नसतं त्यांना. मला माझ्या चकलीचं वाईट वाटत होतं. ती त्यांच्या पोटात गेली होती आणि मी अजून दाराबाहेरच होते.

त्यानंतर मी गेले नाही. भांडले नाही, बोलणंही तोडलं नाही. जुन्या शहरात एक स्वयंपाकघर आहे, तिथे नाव घालून ठेवलंय, नंबर लागायचाय. तोवर तिथल्याच एका शाळेच्या कॅफेटेरियात पिझ्झाचे तुकडे ट्रेमध्ये मांडते. वाटेत हद्दीची नवी पाटी लागते, गावाचं नाव आणि खाली 'स्वागत'. कामावरून परतताना ती मला वाचावी लागते, उलट दिशेला ती नाहीये. शाळेतली मुलं मला मिसेस अमुक म्हणून आडनावाने हाक मारतात, उच्चार पार वाट लावलेला. मला बरं वाटतं ते.

यंदा पुन्हा दिवाळी जवळ आली. परवा तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं, मुलाचं कॉलेज, तिच्या गुडघ्याचं दुखणं. मग म्हणाली, "अगं, लोक चकली विचारतायत. मी करून बघितली, मऊच पडते. तुझ्या पद्धतीने भाजणी केली तरी मऊ पडते. येशील का यंदा?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. खिडकीबाहेर शेजारचा माणूस पानं झाडत होता, गावाच्या नियमाप्रमाणे, रस्त्याच्या कडेला नीट ढीग करून.

"येते की," मी म्हटलं. "पाकिटावर माझं नाव घालशील?"

ही तीच बाई होती. चंदेरी नेसून, न बोलावता, एका भरलेल्या सभेत माझ्यामागून येऊन उभी राहिली होती.

"थांब हं," ती म्हणाली. "विचारून सांगते."